बोअर मारायचंय, परवानगी लागते का?

प्रश्न : गावात घर आहे, नळाचा भरवसा नाही म्हणून अंगणातच घरापुरतं बोअर मारायचंय. बोअर मारणारा गाडीवाला म्हणतो स्वतःच्या जागेत कसली परवानगी, मोठा भाऊ म्हणतो आधी ऑफिसला जाऊन ये. कुणाचं ऐकू?

उत्तर : ताई, अर्धं याचं ऐका, अर्धं त्याचं. केंद्रीय भूजल प्राधिकरणाची २४ सप्टेंबर २०२०ची नियमावली आहे, त्यात घरगुती पिण्या-वापरण्याचं पाणी, शेती, गावाच्या पाणीपुरवठा योजना, सैन्यदलं आणि दिवसाला १० घनमीटरपेक्षा, म्हणजे १० हजार लिटरपेक्षा कमी उपसा करणारे सूक्ष्म-लघु उद्योग यांना एनओसीतून, म्हणजे ना-हरकत दाखल्यातून, सूट आहे. तुम्ही घरगुतीत बसता, त्यामुळे तिथली एनओसी नको. पण ही सूट वापराला आहे, मालकाला नाही, हे लोक हमखास विसरतात! उद्या त्याच बोअरवर टँकर भरून विकायला लागलात की ते घरगुती राहिलं नाही, सूट संपली.

आता भावाचं बरोबर कुठे ते सांगते. सुप्रीम कोर्टाने २०१० साली उघड्या बोअरमध्ये लहान मुलं पडायला लागली म्हणून जे आदेश दिले त्यात बोअर मारायच्या किमान १५ दिवस आधी जिल्हाधिकारी किंवा सरपंच अशा संबंधितांना लेखी कळवायला सांगितलंय, आणि यातून घरगुतीवाले सुटत नाहीत. साधा अर्ज चालतो, फक्त पोच घ्या. दुसरं म्हणजे गावाची पिण्याच्या पाण्याची सार्वजनिक विहीर ५०० मीटरच्या आत असेल तर विचारल्याशिवाय कामाला हात लावू नका, १९९३च्या कायद्यापासून तिथे बंधन आहे. गाडी ठरवतानाच तिची नोंदणी आहे का तेही विचारा, परराज्यातली असली तरी.

प्रश्न : शेतात ४०० फुटांपर्यंत जायचा विचार आहे. शेतीला तर सूट आहे ना?

उत्तर : दादा, केंद्राच्या एनओसीतून सूट आहे, राज्याचा कायदा वेगळा. महाराष्ट्र भूजल अधिनियम, नाव २००९चं असलं तरी लागू झाला १ जून २०१४ पासून, आणि त्यात ६० मीटरच्या खाली गेलेली विहीर म्हणजे खोल विहीर, शेती आणि उद्योगासाठी अशी नवीन घ्यायला मनाई आहे. ६० मीटर म्हणजे दोनशे फुटांच्या आतच! आजूबाजूला सर्रास पाचशे फूट जातायत हे मलाही दिसतं, तो अंमलबजावणीचा प्रश्न झाला, त्याने नियम बदलत नाही. शिवाय राज्याचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा, पाणी असतं ते वरच्या मुरमाड थरात नाहीतर कातळाच्या भेगांत, त्यामुळे खाली खाली गेलं की पाणी वाढतंच असं नाही. गाडीवाल्याचं बिल मात्र फुटावर असतं, त्यामुळे "अजून पन्नास मारू का" असं त्याने विचारलं की पैसे कुणाचे जाणार ते आठवा.

प्रश्न : आमचं बोअर फेल गेलं, गाडीवाला केसिंगही, म्हणजे बोअरच्या तोंडात बसवलेला पाइप, काढून घेऊन गेला. वर फरशी टाकून दगड ठेवलाय, चालेल ना?

उत्तर : अजिबात नाही. केसिंग काढलं की तोंडाची माती ढासळत जाते, भोक रुंद होतं आणि तुमची फरशी एका पावसाळ्यात कलते. बोअर सोडूनच द्यायचं असेल तर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोटे किंवा बोअरमधूनच निघालेला चुरा टाकून पूर्ण भरायचं, नुसतं वरून बुजवायचं नाही. बाजूला चिखलाचा खड्डा आणि चर खणले असतील तेही भरून घ्या.

ठेवायचंच असेल तर केसिंग परत बसवून त्याभोवती सिमेंट काँक्रीटचा कट्टा करायचा, ५० सेंटिमीटर लांब-रुंद, ३० सेंटिमीटर जमिनीच्या वर आणि तेवढाच खाली, आणि तोंडावर लोखंडी प्लेट वेल्डिंग करून किंवा नटबोल्टचं झाकण. मोटार दुरुस्तीसाठी वर काढली असेल तेवढ्या वेळातसुद्धा तोंड उघडं ठेवायचं नाही, असं सुप्रीम कोर्टाच्या त्याच २०१०च्या आदेशात लिहिलंय.