पॉवर प्लांटच्या रॉयल्टीत स्थानिकांचा वाटा: टक्के नंतर विचारा, आधी हे विचारा

तुमचा प्रश्न असा आहे की जवळ पॉवर प्लांट येतोय, कंपनीची माणसं सांगतायत की रॉयल्टीतून स्थानिकांना वाटा मिळेल, तर तो साधारण किती टक्के असतो आणि हातात कसा येतो. मी बरीच वर्षं असे करार आणि कायदे वाचतोय, आणि माझा अनुभव असा की सगळे जण टक्क्यावरच अडकतात, पण ते टक्के कशावर मोजणार आणि पैसे कुणाच्या खात्यात पडणार हे कुणी विचारतच नाही, आणि फसगत नेमकी तिथेच होते.

आधी एक बघा, प्लांट कसला आहे? रॉयल्टी म्हणजे मुळात निसर्गातली वस्तू वापरल्याचा मोबदला. नदीचं पाणी किंवा जमिनीखालची वाफ ही सरकारच्या मालकीची मानली जाते म्हणून जलविद्युत आणि भू-औष्णिक (म्हणजे जमिनीखालच्या वाफेवरच्या) प्लांटवर बऱ्याच देशांत रॉयल्टी सरळ कायद्यातच असते. कोळशावरच्या प्लांटचं मात्र वेगळं आहे, तिथे रॉयल्टी कोळशावर बसते आणि ती जाते खाणीच्या भागाकडे, म्हणजे राख आणि धूर ज्यांच्या नशिबी त्यांना त्या रॉयल्टीतून काहीच नाही, वेगळा नियम किंवा करार असेल तरच मिळतं. मला ही सगळ्यात मोठी अन्यायाची जागा वाटते. वारा आणि ऊन तर कुणाच्याच मालकीचं नाही, त्यामुळे तिथे बहुतेक ठिकाणी जमिनीचं भाडं आणि कंपनीने मान्य केलेला निधी एवढंच. जर्मनीत २०२१ पासून कायद्यात सोय आहे की पवनचक्कीपासून अडीच किलोमीटरच्या आतल्या नगरपालिकांना कंपनी युनिटमागे ०.२ सेंट देऊ शकते, आणि त्या वर्तुळात कुठल्या नगरपालिकेचा किती भाग येतो त्यावर वाटणी होते. स्कॉटलंडमध्ये कंपनीने क्षमतेच्या दर मेगावॅटमागे स्थानिकांना वर्षाला ५,००० पौंड द्यावेत अशी शिफारस आहे, सक्ती नाही.

आता कशावर मोजायचं. नेपाळचं उदाहरण मला समजायला सगळ्यात सोपं वाटतं. तिथल्या १९९२ च्या वीज कायद्यात दोन भाग आहेत, एक क्षमतेवर, म्हणजे प्लांट किती वीज बनवू शकतो त्यावर, आणि एक विकलेल्या विजेवर. पहिली १५ वर्षं किलोवॅटमागे वर्षाला १०० नेपाळी रुपये आणि विजेच्या दराच्या २ टक्के, त्यानंतर तेच १,००० रुपये आणि १० टक्के. यातला क्षमतेवरचा भाग नदीला पाणी कमी असलं तरी येतोच, म्हणून मी नेहमी म्हणतो की थोडा तरी वाटा क्षमतेवर बांधून घ्या. विक्रीवरचा वाटा वर्षागणिक वरखाली होतो पण निदान मीटरवर तपासता येतो. नफ्यावरचा वाटा मात्र शक्यतो घेऊच नका. कर्जाचं व्याज, घसारा, आपल्याच दुसऱ्या कंपनीला स्वस्तात विकलेली वीज, असं सगळं वजा केलं की नफा कितीतरी वर्षं कागदावर दिसतच नाही आणि त्यावरचे टक्के म्हणजे शून्याचे टक्के.

आणि हो, ठरलेली रक्कम असेल तर ती महागाईला जोडून घ्या. फिलिपिन्समध्ये १९९४ च्या नियमाने युनिटमागे एक सेंटाव्हो, म्हणजे पेसोचा शंभरावा भाग, प्लांट ज्या भागात आहे त्या भागासाठी ठेवला, आणि नियमातला आकडा तोच राहिला, किमती मात्र कुठल्या कुठे गेल्या.

पैसे कुणाकडे जातात हा तर सगळ्यात महत्त्वाचा भाग. नेपाळमध्ये जलविद्युत रॉयल्टीचे ५० टक्के संघ सरकारकडे, २५ टक्के प्रांताकडे आणि २५ टक्के स्थानिक पालिकांकडे जातात. केनियात २०१९ च्या ऊर्जा कायद्यात भू-औष्णिक रॉयल्टीचे ७५ टक्के राष्ट्रीय सरकारला, २० टक्के काउंटीला, म्हणजे तिथल्या जिल्ह्यासारख्या सरकारला, आणि ५ टक्के स्थानिक समुदायाला, तेही ट्रस्टमार्फत. आता ५ टक्के ऐकायला फारच कमी वाटतात, पण ते समुदायाच्या नावाने कायद्यात वेगळे काढलेले आहेत, आणि माझ्या मते २५ टक्के पालिकेच्या सामान्य तिजोरीत मिसळून जाण्यापेक्षा ५ टक्के वेगळ्या खात्यात, ज्याचा हिशेब कुणीही मागू शकतो, हे कधीकधी जास्त उपयोगाचं ठरतं. फिलिपिन्सच्या १९९१ च्या स्थानिक शासन कायद्यातली एक गोष्ट मला फार आवडते, भू-औष्णिक वगैरे ऊर्जास्रोतांतून येणाऱ्या स्थानिक वाट्याचा किमान ८० टक्के भाग त्याच भागातलं वीजबिल कमी करायला वापरायचा. असं असलं की वाटा दर महिन्याला घराघरात दिसतो. भारताच्या २००८ च्या जलविद्युत धोरणातही प्रकल्प राज्याला १२ टक्के वीज मोफत देतो, त्यावर आणखी १ टक्का स्थानिक विकासासाठी आहे, आणि प्रकल्पग्रस्त कुटुंबाला महिन्याला १०० युनिट मोफत, १० वर्षं.

मग "स्थानिक" कोण? ब्राझीलमध्ये धरणाच्या पाण्याखाली ज्याची जास्त जमीन गेली त्या नगरपालिकेला जास्त वाटा, हे मला न्यायाचं वाटतं, पण धरणाखालच्या कोरड्या पडलेल्या नदीकाठचे लोक, मासेमारी करणारे, दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारे यात मोजले जात नाहीत. त्यामुळे यादी कोण बनवतंय ते बघा आणि ती बनते तेव्हाच हजर राहा, नंतर नाव घालायला जन्म जातो.

काही ठिकाणी रॉयल्टीच्या जोडीला शेअर देतात. नेपाळमध्ये जलविद्युत कंपन्या १० टक्के शेअर प्रकल्पाच्या भागातल्या लोकांसाठी ठेवतात. चांगलं आहे, पण शेअर विकत घ्यावे लागतात, ज्याच्याकडे पैसे नाहीत तो कर्ज काढतो आणि भाव पडला की तो आधी बुडतो. रॉयल्टीला तुमच्या खिशातून काही जात नाही, हा फरक मीटिंगमध्ये कुणी ठळकपणे सांगत नाही.

अजून एक, रॉयल्टी सुरू होते वीज विकायला लागल्यावर. धूळ, सुरुंग, ट्रक, आटलेले झरे हा सगळा त्रास मात्र बांधकामाच्या वर्षांतला. त्या वर्षांसाठी वेगळी रक्कम मागा, हिमाचल प्रदेशात ५ मेगावॅटच्या वरच्या जलविद्युत प्रकल्पांना प्रकल्पखर्चाच्या १.५ टक्के स्थानिक विकास निधीत द्यावे लागतात, म्हणजे हे मागणं काही जगावेगळं नाही.

पुढच्या मीटिंगला गेलात की कंपनीला हे सगळं लेखी विचारा, आणि करारात एक वाक्य घालून घ्याच की प्लांट दुसऱ्याला विकला तरी नव्या मालकावर हा वाटा बंधनकारक राहील, कारण प्लांट विकले जातात आणि नवा मालक आधीच्या माणसांनी तोंडी काय कबूल केलं होतं ते ऐकूनही घेत नाही.