इतिहासाचं पुस्तक आणि २३ सायटेशन

प्रश्न : माझं मूळ शिक्षण संख्याशास्त्राचं. पुढे साथरोगशास्त्रात काम केलं आणि गेली दहा वर्षं वैद्यकाच्या इतिहासात रमले आहे. एकूण ५२ पेपर (संख्याशास्त्र १९, साथरोग २४, इतिहास ९), शिवाय इतिहासाचं एक पुस्तक. सायटेशन (म्हणजे या लेखनाचे पुढच्या लेखनात दिलेले संदर्भ) २,३४०, एच-इंडेक्स १७. पण यातली १,४१० सायटेशन एकाच साथरोगाच्या पेपरची आहेत आणि त्याचे आम्ही ४१ लेखक. पुस्तकाला अवघी २३. बढतीच्या मुलाखतीत एक सदस्य म्हणाले, "इतिहासात तुमचा प्रभाव दिसत नाही." पुढच्या अर्जातून इतिहास गाळून टाकू का? यादी सोबत जोडली आहे.

उत्तर : गाळायच्या आधी एक गंमत बघा. तुमची यादी मी सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावली. एच १७ म्हणजे किमान १७ सायटेशन मिळालेल्या १७ कृती. तुमच्या यादीत तशा बरोबर सतराच आहेत : साथरोगाचे चौदा पेपर, संख्याशास्त्राचे दोन आणि सतरावं ते पुस्तक! ते काढलंत की एच १६. उलट त्या १,४१० वाल्या पेपरला फक्त २४ सायटेशन असती, तरी एच सतराच राहिला असता. एचच्या हिशेबात तो एकच पेपर.

जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने हा एच-इंडेक्स २००५ मध्ये सुचवला. त्याच लेखात भौतिकशास्त्रात एडवर्ड विटन यांचा एच ११० आणि जीवशास्त्रांत सॉलोमन स्नायडर यांचा १९१ दिला आहे. म्हणजे दोन क्षेत्रांचे आकडे शेजारी ठेवू नयेत, हे जन्मदात्यालाच ठाऊक होतं. समित्यांपर्यंत मात्र आकडा पोचला, इशारा वाटेतच राहिला.

आता ते २३. ते कुठून मोजले, हे त्या सदस्यांना विचारायला हवं होतं. सायटेशन मोजणारे डेटाबेस मुळात जर्नलांच्या जिवावर उभे राहिले. यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये सायटेशनच्या सूचीची कल्पना मांडली ती विज्ञानातल्या पेपरांसाठी. इतिहासकार एकमेकांना पुस्तकांच्या तळटिपांमध्ये भेटतात आणि त्यातल्या पुष्कळ तळटिपा मोजल्याच जात नाहीत. शिवाय साथरोगातला पेपर दोन-तीन वर्षांत उचलला जातो. इतिहासाचं पुस्तक लोक आधी वाचतात, मग पाच वर्षांनी त्याच्याशी भांडतात. तेव्हा पुस्तकाची परीक्षणं कुठे आली, ते कोणत्या अभ्यासक्रमात लागलं, कोणी त्याचा मुद्दा खोडला, हे अर्जात लिहा. खोडलेलाही चालेल.

अर्जात एकूण बेरीज पहिल्या ओळीत नको. तीन क्षेत्रांचे तीन परिच्छेद करा. ४१ लेखकांच्या पेपरात तुम्ही नेमकं काय केलंत (नमुना आखला? विश्लेषण केलं?) ते दोन वाक्यांत सांगा, ते न सांगता १,४१० मिरवणं मला पटत नाही. संख्याशास्त्राच्या पेपरांना क्षेत्रसापेक्ष आकडा द्या. त्यात १ म्हणजे त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या लेखनाची जागतिक सरासरी. आठ सायटेशनचा पेपरही तिथे एकच्या वर निघू शकतो. समितीला आधार लागला तर संशोधन मोजताना असे आकडे कसे वापरावेत हे सांगणारा २०१५ चा लायडन जाहीरनामा दाखवा. क्षेत्राक्षेत्रांतला हा फरक लक्षात घ्या, असं त्याच्या दहा तत्त्वांतलं एक सांगतं.

आणि नावं तपासा. ग्रंथालयात मी सत्तावीस वर्षं हेच तक्ते केले. एकदा एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावर शस्त्रक्रियेचे अकरा पेपर चढवून सही करून मोकळा झालो होतो. आडनाव तेच, आद्याक्षरंही तीच. चूक त्या गृहस्थांनीच दाखवली, नाहीतर त्यांचा फायदाच होता. २०१२ पासून ऑर्किड (ORCID) क्रमांक मिळतो, म्हणजे प्रत्येक संशोधकाचा वेगळा ओळख क्रमांक. तुमच्या यादीत तो दिसला नाही, आजच घ्या.

प्रश्न : स्वतःचेच जुने पेपर उद्धृत करणं गैर आहे का?

उत्तर : नाही. कालच्या कामावर आजचं काम उभं असेल तर ते सांगायलाच हवं. संदर्भ काढून टाकल्यावर वाक्य लंगडं पडलं तर तो राहू द्या. वाक्याला काहीच झालं नाही, तर तो कशासाठी घातला होता ते तुम्हाला माहीत आहे. आणि डेटाबेसलाही, स्वतःची सायटेशन वगळून एच दाखवायची सोय काहींत असते.