वर्षाला चार-पाच रोल धुणाऱ्याने कोणता डेव्हलपर ठेवावा?

प्रश्न असा आहे: कॅमेऱ्याचे ब्लॅक अँड व्हाइट रोल घरीच धुतो, पण वर्षाला जेमतेम चार-पाच होतात. दर वेळी डी-७६ या कोडॅकच्या डेव्हलपरची (फिल्मवर प्रतिमा उमटवणाऱ्या रसायनाची) लिटरभर पावडर विरघळवायची, निम्मी वापरायची, उरलेली काही महिन्यांनी बेसिनमध्ये ओतायची. मग टिकणारा डेव्हलपर कोणता? आणि आठ महिने पडून असलेली अर्धी बाटली चालेल का?

बाटलीचं आधी सांगतो. ओतून द्या. डी-७६ च्या स्टॉकला (पावडर विरघळवून केलेल्या मूळ द्रावणाला) कोडॅक स्वतः तोंडापर्यंत भरलेल्या बंद बाटलीत ६ महिने आणि अर्ध्या भरलेल्या बाटलीत २ महिने देते. त्यातून डी-७६ ची गंमत अशी की ती सरळ रेषेत मरत नाही. पडून राहिल्यावर तिची अल्कता वाढते, काही काळ ती नेहमीपेक्षा जास्तच जोर करते आणि नंतर ढेपाळते. म्हणजे आज ती नेमकी कुठल्या टप्प्यावर आहे हे कळायला मार्ग नाही. अशा बाटलीत रोल घालणं म्हणजे जुगार.

आता मुख्य मुद्दा. आपल्यासारख्या अधूनमधून धुणाऱ्यांनी ग्रेन (फोटोत दिसणारे कण), शार्पनेस, टोन यांवर वाद घालण्याआधी एकच गोष्ट बघावी: बाटली सहा महिन्यांनी उघडली तर ती पहिल्या दिवशीसारखीच वागेल का? बाकी सगळं नंतर. हे मी शिकलो ते दोन रोल घालवून. एस्कॉर्बिक आम्लावर चालणारा एक डेव्हलपर मी भरून ठेवला होता. सुंदर निगेटिव्ह देणारा, अगदी पाण्यासारखा स्वच्छ. पाच महिन्यांनीही तसाच स्वच्छ दिसला म्हणून प्रवासातले दोन्ही रोल एकाच टँकमध्ये (फिल्म धुण्याच्या बंद डब्यात) घातले. रीळ बाहेर काढलं तर काचेसारखी पारदर्शक फिल्म. कडेचे फ्रेम नंबरसुद्धा नाहीत! (हे लक्षात ठेवा: नंबर उमटलेत आणि फ्रेम कोऱ्या आहेत, तर दोष कॅमेऱ्याचा किंवा रोल पुढे न सरकण्याचा, नंबरही नसतील तर डेव्हलपर मेलेला, नाहीतर तुम्ही आधी हायपो (प्रतिमा पक्की करणारं फिक्सर) ओतलात.) त्या डेव्हलपरला नावं ठेवत नाही. अर्धी बाटली पाच महिने ठेवणारा मीच. पण या जातीचे डेव्हलपर रंग न बदलता जातात, आणि ते आपल्या कामाचं नाही.

म्हणून माझं उत्तर: रोडिनाल.

हे रसायन १८९१ सालचं. आग्फाच्या मोम्मे आंद्रेसेन यांनी पॅरा-अमिनोफिनॉलवरचं हे घट्ट द्रावण आणलं आणि ते आजही विकलं जातंय. मूळ नावाबरोबरच अ‍ॅडोनाल, आर०९ वन शॉट अशा नावांनीही मिळतं. उघडलेली, अर्धी रिकामी बाटली वर्षानुवर्षं चालते. रंग गडद तपकिरी होत जातो, आयोडिनच्या बाटलीसारखा, तळाशी कधी खडेही जमतात. दोन्हींना घाबरू नका. इतर डेव्हलपर असा काळवंडला की फेकावा, रोडिनालला तो नियम लागू नाही.

हिशेबही सोपा आहे. रोलमागे १० मिली घट्ट द्रावण धरा. १+५० (एक भाग द्रावण, पन्नास भाग पाणी) प्रमाणात अर्धा लिटर केलं की तेवढंच लागतं. ५०० मिलीच्या बाटलीत ५० रोल, म्हणजे तुमच्या वेगाने दहा वर्षं. कमी घालूनही लोक धुतात, मीही धुतलेत, पण जिथे बाटलीच संपत नाही तिथे चार मिली वाचवून काय करणार? वापरलेलं पातळ द्रावण फेकायचं, पुन्हा भरून ठेवायचं नाही.

मोजायला सुई नसलेली १० मिलीची सिरिंज घ्या. मोजपात्राच्या तळाशी दहा मिलीची रेघ डोळ्यांनी पकडण्यात दीड-दोन मिलीची चूक सहज होते, आणि एवढ्याशा मात्रेत ती निगेटिव्हवर दिसते. सिरिंज रिकामी केल्यावर त्याच पाण्यात दोन-तीनदा ओढून-सोडून धुवा, म्हणजे भिंतीला चिकटलेलंही उतरतं. हातमोजे आणि चष्मा घालाच. यात कॉस्टिक पोटॅश असतं, डोळ्यात थेंब उडाला तर चेष्टा नाही.

आता त्याची खोड. ग्रेन दिसतो. डी-७६ मध्ये लिटरला १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट असतं, ते चांदीच्या कणांच्या कडा थोड्या विरघळवून ग्रेन मऊ करतं. पातळ केलेल्या रोडिनालमध्ये सल्फाइट नावापुरतं उरतं, म्हणून कण जसाचा तसा, कडक उठतो. एफपी४ प्लससारख्या मध्यम वेगाच्या (म्हणजे प्रकाशाला मध्यम संवेदनशील) फिल्मवर किंवा १२० या रुंद रोलच्या मोठ्या निगेटिव्हवर हे देखणं दिसतं. ३५ मिमीच्या ४०० वेगाच्या फिल्मवर मात्र आकाशात वाळू पसरल्यासारखी वाटते. मला आवडते, सगळ्यांना आवडेलच असं नाही. सावल्यांतला तपशीलही जरा कमी येतो, म्हणून ४०० ची फिल्म मी २५० वर मीटर करतो, म्हणजे जरा जास्त प्रकाश देतो. सुरुवातीला २० अंशांना एचपी५ प्लस ही ४०० ची फिल्म १+५० मध्ये ११ मिनिटं, एफपी४ प्लस १५ मिनिटं. हलवणं हळुवार, दर मिनिटाला दोन-तीन उलथापालथी पुरे. तासभर न हलवता ठेवायची १+१०० ची पद्धत सुरुवातीला नको. ती जमली तर छान, नाही जमली तर छिद्रांच्या बाजूला पट्टे पडतात आणि ते का पडले ते कळत नाही.

तुम्ही बहुतेक ३५ मिमीवर ४०० ची फिल्मच वापरत असाल तर एचसी-११० च्या जातीचा पाक (पाकासारखा घट्ट डेव्हलपर) बघा. कोडॅकने तो १९६२ मध्ये आणला. इलफोर्डचा इलफोटेक एचसी त्याच घराण्यातला. जुना एचसी-११० एरंडेलासारखा घट्ट असे. त्यात पाणी जवळजवळ नसल्यामुळे तो उघडल्यावरही वर्षानुवर्षं टिके. गेल्या काही वर्षांत त्याची पातळ आवृत्तीही आली. ती हातात पडली तर जुन्या पाकाच्या ख्यातीवर विसंबू नका, बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. नेहमीचं प्रमाण १+३१, त्यात एचपी५ प्लस ५ मिनिटांत होते. ही वेळ मला फार तोकडी वाटते, ओतण्या-काढण्यातच अर्धं मिनिट जातं आणि डाग पडतात. म्हणून मी १+६३ करतो आणि वेळ दुपटीपासून सुरू करतो. पण रोलमागे ६ मिली पाक जायला हवा, म्हणून ४०० मिली द्रावण करायचं. एका रिळाच्या टँकमध्ये ते मावत नसेल तर दोन रिळांचा टँक घ्या, वर रिकामं रीळ ठेवा.

आणि डी-७६ चाच टोन हवा असेल तर सवय बदला, डेव्हलपर नको. बंद पाकीट वर्षानुवर्षं टिकतं. काढलेले रोल थंड जागी साठवा, पाच-सहा झाले की पाकीट फोडा, १+१ करून एकाच शनिवार-रविवारात सगळे धुऊन मोकळे व्हा. लिटरभर स्टॉकमध्ये ३०० मिलीच्या टँकने सहा रोल होतात, उरतं ते टाकून द्या. फक्त पॅन एफ प्लस ही फिल्म अशी साठवू नका. तिच्यावरची न धुतलेली प्रतिमा लवकर विरते, तीन महिन्यांच्या आत धुवा.

दर वेळी, कुठलाही डेव्हलपर असो, रोल लोड करताना कापलेला लीडरचा (फिल्मच्या सुरुवातीच्या टोकाचा) तुकडा त्या दिवशीच्या द्रावणात उजेडातच टाकून बघा. काही मिनिटांत गच्च काळा झाला तर पुढे जा. राखाडीवरच रेंगाळला तर रोल टँकमध्ये बंद राहू द्या आणि नवीन बाटली आणा. दुसरा तुकडा हायपोत टाका आणि साफ व्हायला किती वेळ लागतो तो मोजा. ताज्या हायपोच्या दुप्पट वेळ लागला तर तोही बदला. दुधाळ निगेटिव्ह बघून डेव्हलपरला शिव्या घालणारे मी पुष्कळ पाहिलेत, आणि बहुतेकांचा हायपो संपलेला असतो.