वडिलांची पॉलिसी सोडून एअर प्युरिफायर घ्यावा का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. घर सोलापुरात अक्कलकोट रोडजवळ, मागच्या गल्लीत टॉवेलचे माग, समोरून दिवसभर ट्रक. वडील 66 वर्षांचे, चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, बीपीची गोळी चालू. घरातली हवा गाळली की हृदयावरचा ताण कमी होतो, असं तुमच्या वाचनात आलं. दुकानदार तीन खोल्यांसाठी तीन एअर प्युरिफायर 54,000 रुपयांत देतोय, महिना 4,500 च्या बिनव्याजी हप्त्यावर. वडिलांच्या मेडिक्लेमचे 36,000 पुढच्या महिन्यात भरायचे आहेत. म्हणून तुम्ही विचारता, "तीन वर्षांत एकदाही क्लेम केला नाही, यंदा पॉलिसी सोडून दिली तर?"

पॉलिसी सोडू नका. प्युरिफायरचं नंतर बघू.

तुम्ही पॉलिसी घेतली ती अँजिओप्लास्टीनंतर, आजार न लपवता. त्यामुळे हृदयाच्या दुखण्यासाठी तीन वर्षं थांबायची अट लागली आणि ती याच नूतनीकरणाला पुरी होतेय. म्हणजे ज्या कारणासाठी इतके पैसे भरले, ते संरक्षण पुढच्या महिन्यापासून खऱ्या अर्थानं सुरू होणार, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही बाहेर पडायचं म्हणताय. वार्षिक हप्त्याची तारीख हुकली तर 30 दिवसांची सवलत असते. ती उलटली की नवा अर्ज, नव्या तपासण्या आणि थांबण्याचा काळ पुन्हा पहिल्या दिवसापासून. स्टेंट बसवलेल्या माणसाचा नवा अर्ज कंपन्या किती खळखळ करत घेतात, ते मी रोज बघतो. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी शून्य झाला आहे, तेव्हा नूतनीकरणाच्या नोटिशीत तो लावलेला नाही ना, तेवढं बघा. तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर ज्येष्ठ आईवडिलांच्या हप्त्यावर आयकरात 50,000 पर्यंत वजावट मिळते, मात्र हप्ता रोखीनं भरलेला चालत नाही. प्युरिफायरच्या बिलावर असली वजावट नाही.

महात्मा फुले योजनेचं कार्ड काढलं नसेल तर तेही काढा. राज्यातल्या रेशनकार्डधारक कुटुंबांना त्यात वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. वडील सत्तरीला पोचले की मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघेल, त्याला उत्पन्नाची अट नाही. पण दोन्हीकडे ठरलेली रुग्णालयं आणि ठरलेले उपचार. तेवढ्यावर विसंबून मेडिक्लेम बंद करावा, असं मला वाटत नाही.

आता हवेकडे येतो. तुमची काळजी खोटी नाही. सोलापूर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, आणि ती यादी हवेचे निकष न पाळू शकणाऱ्या शहरांची आहे. पीएम 2.5 म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसात खोलवर जातात, शरीरात दाह वाढवतात, रक्तदाब चढवतात. मागाचा कापूस तुम्हाला खिडकीच्या जाळीवर दिसतो, पण तो जाडा. हृदयाच्या दृष्टीनं डिझेलचा धूर जास्त वाईट, आणि तो डोळ्याला दिसेलच असं नाही.

अमेरिकेत डेट्रॉइटला ज्येष्ठांच्या वसाहतीत 40 जणांवर झालेला एक प्रयोग 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. खोलीत तीन दिवस फिल्टर चालवल्यावर वरचा रक्तदाब सरासरी 3 अंकांनी उतरला. 2025 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या महामार्गालगतच्या घरांचा अभ्यास आला, फिल्टर महिनाभर लावलेले. ज्यांचा वरचा आकडा 120 च्या पुढे होता त्यांचा जवळपास तेवढाच उतरला, ज्यांचा मुळात ठीक होता त्यांना विशेष फरक नाही. दोन्हीकडे मोजलं ते बीपी. हार्ट अटॅक टळले का, हे तिथं तपासलेलं नाही. तीन अंक क्षुल्लक नाहीत, पण गोळी नेमानं घेतली तर त्याहून जास्त उतरतं. यंत्र आलं म्हणून कुणी गोळीला हात लावू नका.

आणि हे यंत्र खोलीत हवा कोंडलेली असताना उपयोगी. दुकानदारानं तुम्हाला कूलरबद्दल विचारलं का? पारा 42-43 वर गेल्यावर सोलापुरात कूलर लागतो. कूलर बाहेरची हवा ओढून वाळ्यातून आत फेकतो, म्हणून समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर खोली दमट होऊन अंग चिकचिकतं. त्याच खोलीत प्युरिफायर म्हणजे एका दारानं धूर आत, दुसरीकडे यंत्र तो गाळत बसलेलं. मार्च ते जूनचा मध्य असा गेला. पावसाळ्यात हवा बरीच धुतली जाते. प्युरिफायर खरा कामाला येतो तो दिवाळीपासून जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत, फार तर फेब्रुवारी अखेर. थंडीत धूर खालीच साचून राहतो आणि खिडक्याही आपण आपणहून लावतो. म्हणजे चार महिन्यांच्या उपयोगासाठी वर्षभराचे हप्ते. वडिलांच्या खोलीत एसी असता तर हिशेब वेगळा झाला असता.

तीन यंत्रांचं तर गणितच बसत नाही. बाहेरच्या खोलीचं दार दिवसभर उघडं, स्वयंपाकघरात फोडणी. तिथं यंत्र ठेवणं म्हणजे रस्ता गाळणं. वडील सलग सात-आठ तास दार लावून असतात ती एकच खोली, झोपायची. तुम्ही दिलेल्या मापानं (12 बाय 11, उंची 10 फूट) ती 1,320 घनफूट, म्हणजे साधारण 37 घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर 187 घनमीटर क्षमता हवी. खोक्यावर सीएडीआर, म्हणजे तासाला किती घनमीटर हवा गाळून मिळते, असा जो आकडा असतो तो 200 ते 250 असला की पुरे. 'पाचशे चौरस फुटांना चालतो' या बोलण्यावर जाऊ नका, तो आकडा हवा कमी वेळा गाळली असं धरूनही काढता येतो. बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर असावा, ओझोन सोडणारं मॉडेल नको.

विजेची भीती नको. 40 वॉटचं यंत्र रात्री 10 तास चाललं तर महिन्याला 12 युनिट. पैसा खातो तो फिल्टर. वर्षाला एक, 2,500 रुपये धरला तर तीन यंत्रांचे 7,500, म्हणजे खरेदीनंतरच्या चार वर्षांत 30,000 आणखी. रस्त्यालगत तो लवकरही भरतो. एकच यंत्र 12,000 ला घेतलं तर फिल्टरसकट पाच वर्षांत 22,000. 'बिनव्याजी' हप्त्यातही बहुधा प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लागतो. रोखीत किती सूट, ते आधी विचारा.

तुमच्या दोघांच्या 62,000 मधून घरकर्जाचे 19,000 जातात आणि अडीअडचणीला 80,000 ची एकच एफडी आहे. ती मोडायची नाही. 36,000 आधी विमा कंपनीला. हप्त्यासाठी जे 4,500 काढायची तयारी होती ते दिवाळीपर्यंत बाजूला टाका, तीन महिन्यांत एका यंत्राचे पैसे होतात, तेही कर्ज न काढता.

तोवर बिनखर्चाचं बरंच आहे. वडिलांच्या खोलीत मच्छर अगरबत्ती आणि धूप बंद, मच्छरदाणी लावा. संध्याकाळी ट्रकची रांग लागते तेव्हा रस्त्याकडची खिडकी लावून मागची उघडा, माग बंद असतील तर. केरसुणीऐवजी ओलं फडकं. घरात कुणी विडी ओढतं का, हे तुम्ही लिहिलं नाही. ओढत असेल तर प्युरिफायरचा विषय तिथंच थांबवा आणि आधी ती बाहेर काढा. दीड-दोन हजारांत दंडावर लावायचं बीपीचं यंत्र घ्या, रोज सकाळी आकडा वहीत लिहा. प्युरिफायर आल्यावर महिनाभराचे आकडे ताडून बघा आणि वही डॉक्टरांना दाखवा.

घ्यायला जाल तेव्हा त्या मॉडेलचा फिल्टर सोलापुरात मिळतो की पुण्याहून मागवावा लागतो, ते विचारा, आणि भाव बिलामागे लिहून घ्या. वरची जाळी आठवड्याला झटका, मागाचा कापूस तिथंच अडकतो. आतला हेपा मात्र नळाखाली धरू नका, धुतला की गेला.