आधी डोळे बघ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

संशोधनासाठी पार्किन्सन घेऊ की अल्झायमर, आणि परदेशातल्या दोन लॅबपैकी कुठली निवडू, असं तू विचारलंयस. दोन्ही लॅब चांगल्या आहेत. पण तुझ्या चार पानी पत्रात एकही रुग्ण नाही, आणि मला काळजी वाटली ती त्याचीच.

डॉ. नोशीर वाडिया मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात न्यूरॉलॉजी पाहत होते तेव्हाची गोष्ट. त्यांच्याकडे तोल गेलेली माणसं यायची. चालताना झोकांड्या, बोलताना जीभ जड. अशा माणसाला शेजारीपाजारी सर्रास दारुडा ठरवतात. अ‍ॅटॅक्सिया म्हणजे मेंदूतल्या बिघाडामुळे तोल जाणं; हे निदान काही अवघड नव्हतं. वाडियांनी मात्र डोळे पाहिले. एका वस्तूवरून दुसरीकडे नजर वळवताना आपली बुबुळं टुणकन उडी मारतात. यांची सावकाश सरकत होती. एकाच घरात असे अनेक जण निघाले. १९७१ मध्ये वाडिया आणि स्वामी यांनी अशा ९ कुटुंबांची नोंद 'ब्रेन' या नियतकालिकात केली. तेव्हा एमआरआय नव्हता, जनुक तर फारच दूर.

ते जनुक १९९६ मध्ये १२ व्या गुणसूत्रावर सापडलं. त्यात सी-ए-जी ही डीएनएची तीन अक्षरं लागोपाठ बहुतेकांमध्ये २२ वेळा येतात. साधारण ३३ च्या पुढे गेली की एससीए२, म्हणजे वाडियांनी पाहिलेला तोच आजार होतो. १९९८ मध्ये, सत्तरी ओलांडलेली असताना, वाडियांनी ६ भारतीय कुटुंबांचा जनुकीय अभ्यास पुन्हा 'ब्रेन'मध्येच छापला, आणि त्यातही भर होता तो त्या मंद नजरेवर. सत्तावीस वर्षं एका खुणेचा पाठपुरावा! मला हे आठवलं की अजून भरून येतं.

पुढचंही ऐक. २०१० मध्ये कळलं, की याच जनुकातली सी-ए-जीची आवर्तनं नेहमीपेक्षा जास्त, पण एससीए२ होण्याइतकी नाहीत अशा मधल्या संख्येत असली तर एएलएसचा, म्हणजे स्नायू हळूहळू लुळे पाडणाऱ्या आजाराचा, धोका वाढतो. उंदरांमध्ये या जनुकापासून बनणारं प्रथिन कमी केलं तेव्हा आजारी उंदीर जास्त जगले. मग ते प्रथिन कमी करणाऱ्या औषधाची एएलएसच्या रुग्णांवर चाचणी झाली, फायदा दिसला नाही, आणि २०२४ मध्ये ती थांबली. तुझ्या उमेदीच्या वर्षांत असं एकदा तरी होईल. तेव्हा चाचणीत आलेल्या रुग्णांना आधी भेट, आकडेमोड नंतर कर.

माझी एक चूक सांगते. पीएचडीची दोन वर्षं मी एका अँटिबॉडीवर काढली; ती एका ठरावीक प्रथिनालाच चिकटून ते कुठे आहे हे डागानं दाखवेल, असं मी धरून चालले होते. मेंदूच्या कापांवर सुरेख डाग पडायचे, अगदी मला हवे तिथे. शेवटी ज्या उंदरात ते प्रथिनच नव्हतं त्याच्या मेंदूवर ती लावून पाहिली. तोच डाग, तितकाच सुरेख. ही तपासणी पहिल्या आठवड्यात करायची असते. तू कर.

आणि रक्ताच्या नमुन्यांबद्दल. एससीए२ आई-वडिलांपैकी एकाला असला, तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता ५० टक्के. थांबवणारं औषध आज नाही. वडिलांचा हात धरून ओपीडीत आलेली तुझ्या वयाची मुलगी धडधाकट दिसते, आणि तिला जाणून घ्यायचं नसेल तर तो तिचा हक्क आहे. नमुन्यांचा आकडा भरावा म्हणून तिच्यापुढे संमतिपत्र सरकवू नकोस. आधी समुपदेशन, मग वेळ, मग तिची इच्छा. पेपरात एक नमुना कमी पडला तर पडू दे. जमलं तर बेंगळुरूला निम्हान्स या मेंदू-मनोविकार संस्थेची मेंदूपेढीही पाहून ये. तिथे ठेवलेल्या मेंदूंमागे कुणाकुणाच्या घरच्यांनी दुःखाच्या दिवशी दिलेला होकार आहे, हे डोळ्यांनी पाहिलं की नमुना हातात धरायची रीतच बदलते.

लॅबना कळवायला अजून सहा आठवडे आहेत ना? तोवर परवानगी काढून तुमच्या सरकारी रुग्णालयाच्या न्यूरॉलॉजी ओपीडीत मागे उभी राहा. रुग्ण दारातून आत कसा येतो, खुर्चीत बसायला किती वेळ घेतो, सही कशी करतो, त्याच्या वतीनं कोण बोलतं, सगळं वहीत लिही; नावं मात्र लिहू नकोस. वही भरली की मला पाठव. लॅबचं मग बोलू.

आई-बाबांना नमस्कार सांग.