रुग्णालय विकलं गेलं, जुने कागद कुणाकडे मागायचे?

प्रश्न : वडिलांची अँजिओप्लास्टी दीड वर्षापूर्वी एका खासगी रुग्णालयात झाली. आता ते रुग्णालय दुसऱ्यांनी घेतलंय. काउंटरवर 'रेकॉर्ड जुन्या मालकांकडे' म्हणतात, आणि ते फोन घेत नाहीत.
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : तोंडी विचारणं थांबवा, लेखी अर्ज द्या. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे दाखल रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायची आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असतात. हा नियम डॉक्टरांना बांधतो, त्यामुळे मालक बदलला म्हणून तो सुटत नाही. अर्ज दोन करा : एक नव्या व्यवस्थापनाला, एक अँजिओप्लास्टी करणाऱ्या डॉक्टरांना. वडिलांची सही, तुमच्या नावे अधिकारपत्र, दोघांची ओळखपत्रं जोडा. आयपीडी नंबर (दाखल रुग्णाला मिळणारा नोंदणी क्रमांक) आणि दाखल झाल्याची तारीख जरूर लिहा. नुसत्या नावावर गठ्ठ्यातली फाइल सापडत नाही. प्रतीवर आवक शिक्का घ्या.

'सगळा रेकॉर्ड द्या' असं मोघम नको. डिस्चार्ज कार्ड, अँजिओग्राफीची सीडी, स्टेंटचं (रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीचं) स्टिकर आणि ईसीजी, असं नावानिशी मागा. सीडीतला पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. स्क्रीनचे फोटो हृदयरोगतज्ज्ञांच्या उपयोगाचे नाहीत, त्यांना रक्तवाहिनीची हलती चित्रं बघायची असतात. स्टिकर हरवलं असेल तर बिल काढा, स्टेंटची कंपनी आणि बॅच नंबर त्यावर असायला हवा. ईसीजीचा थर्मल कागद पुसट होत जातो, मिळाल्या दिवशीच झेरॉक्स करा.

दाद लागली नाही तर राजीव गांधी भवनात महापालिकेच्या वैद्यकीय विभागाकडे तक्रार द्या, शहरातल्या रुग्णालयांची नोंदणी तिथेच होते. मेडिक्लेम घेतला असेल तर विमा कंपनीकडेही कागद गेलेले असतात. बरेचदा हीच वाट लवकरची.

प्रश्न : सातपूरला २० खाटांचं रुग्णालय विकत घेतोय. जुन्या रेकॉर्डचं काय करू?
— एक डॉक्टर

उत्तर : करारनाम्यातच वर्षवार आयपीडी नंबरांची यादी जोडा, आणि कागद कुणाच्या ताब्यात, प्रत कोण देणार हे लिहा. सॉफ्टवेअरचा बॅकअप मिळाला म्हणून निश्चिंत राहू नका. लायसन्स जुन्या मालकाच्या नावे असतं, ते संपलं की बॅकअप उघडतच नाही. डिस्चार्ज कार्डं पीडीएफमध्ये काढून घ्या आणि शेवटचा हप्ता देण्याआधी दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. पोलीस केसच्या फाइली वेगळ्या बांधा. निकाल लागेपर्यंत त्या रद्दीत जाता कामा नयेत. आणि तळघरात काही ठेवू नका, पावसाळ्यात ओल धरते.