हळदीचं चित्र किती वर्षं टिकणार?

प्रश्न : नमस्कार ताई, माझी लेक आर्ट कॉलेजला दुसऱ्या वर्षाला आहे, रंग विकत आणणं तिने बंदच केलंय, चित्रं काढते ती हळद, कॉफी नाहीतर चॉकलेट सिरपने, आणि वर मलाच ऐकवते की मोठमोठे आर्टिस्ट हेच करतात. खरंय का हे? हळदीचं एक कौतुकाने हॉलमधे खिडकीसमोर लावलं होतं ते दिवाळीपर्यंत पार फिकं पडलं, चॉकलेटवाल्याला मुंग्या लागल्या. असलं कोण विकत घेणार? – एक आई, कोथरूड

उत्तर : खरं सांगतेय हो लेक! ब्राझीलचा विक मुनीझ चॉकलेट सिरपने चित्रं काढतो, पण गंमत म्हणजे विकतो तो त्याचा फोटो, मूळ चित्र ठेवतच नाही, त्यामुळे मुंग्यांचा प्रश्नच मिटला. १९९६ साली त्याने सेंट किट्स बेटावरच्या ऊसमळ्यात राबणाऱ्यांच्या पोरांचे चेहरे काळ्या कागदावर साखरेने काढले. आता इथे साखरच का, हे वेगळं सांगावं लागत नाही. आपल्याकडे बेंगळुरूच्या शीला गौडा पेंटर म्हणून शिकल्या आणि नव्वदच्या दशकात शेणाकडे वळल्या, पुढे सुयांमधून ओवलेल्या दोऱ्याला कुंकू लावून त्यांनी लांबच लांब दोर केले. दिल्लीच्या भारती खेर टिकल्या चिकटवून भलीमोठी पॅनेल्स करतात. चीनचा झांग हुआन देवळातल्या उदबत्तीच्या राखेने चित्रं करतो. आणि एवढं लांब कशाला जायचं, डहाणूकडचे जिव्या सोमा म्हसे तांदळाच्या पिठाने वारली चित्रं काढत, त्यांना २०११ मधे पद्मश्री मिळाली.

माझं मत विचाराल तर लेकीला एवढंच विचारा की हेच सामान का? कॉफीने हिरोचा चेहरा काढला तर हाताला दाद द्यावी, पण तो शाईनेही तसाच आला असता, मग कॉफी फक्त रील चालायला. हळदीचं मात्र तसं नाही, हळदीत चुना मिसळला की लाल होतं, कुंकू तसंच करतात, म्हणजे एकाच डब्यातून दोन रंग निघतात आणि शिवाय घरातली सगळी शुभकार्यं त्यात येतात. इथे पोरीला खेळायला खूप जागा आहे.

आता टिकण्याचं. हळदीचा पिवळा उजेडात उडतोच, त्यातलं पिवळं रंगद्रव्य, करक्युमिन, प्रकाशाला टिकत नाही, काचेने थोडं लांबेल, थांबणार नाही. खिडकीसमोरून काढा, आतल्या भिंतीवर लावा. गेरू आणि काजळ मात्र बिनधास्त वापरू दे, अजिंठ्याच्या भिंतींवर तेच आहे. भुकटी नुसत्या पाण्यात कालवू नका, झडते, बाभळीच्या डिंकाचं पाणी घाला (वॉटरकलरमधेही डिंकच असतो) आणि बुरशी धरू नये म्हणून लवंगतेलाचा थेंब. पावसाळ्यात ओलीच्या भिंतीपासून लांब. गोड सामानाचं चित्र असेल तर मुनीझसारखा नीट उजेडात फोटो काढून ठेवा, तोच विका. नाहीतर डीटर रॉट या स्विस कलाकारासारखं करा, तो चॉकलेटच्या वस्तू मुद्दाम सडू द्यायचा आणि आता म्युझियमवाले त्यातल्या किड्यांशी झगडत बसतात!

विकण्याचं म्हणाल तर चित्र बदलणार आहे हे घेणाऱ्याला आधीच लिहून द्या. रांगोळी प्रदर्शनात आपण तास तास लाईन लावतो, दुसऱ्या दिवशी ती झाडून टाकतात हे माहीत असतं तरी जातोच ना?

प्रश्न : प्रदर्शनात चित्राखाली नुसतं 'मिक्स्ड मीडिया' (म्हणजे वेगवेगळं सामान वापरलंय, एवढंच) लिहिलं तर चालतं का? – एक विद्यार्थी, सदाशिव पेठ

उत्तर : चालतं, पण मला राग येतो. 'हळद, चुना, डिंक, कागद' असं सरळ लिही, आणि साईझ आणि सालही घाल, बघणारा दोन मिनिटं जास्त थांबेल, नंतर कधी रिपेअर करायला लागलं तर त्या माणसाचेही हाल होणार नाहीत.